गाडी पाडणारा खलनायक : बघावेत आणि सोडावेत असे काही जुने रेल्वेपट

सालाबादप्रमाणे यंदाही स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला. "दरवर्षी तुम्ही ड्युटीवरचे किस्से लिहिता, यंदा जरा वेगळं काही द्या." वेगळं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मग गेल्या वर्षीचा प्रसंग आठवला. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आरतीनंतर इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये आपण एक जुना इंग्रजी रेल्वेपट लावला होता. अर्धी मंडळी मोदक संपताच उठली, पण उरलेली अर्धी शेवटपर्यंत बसली आणि नंतर आठवडाभर "असे आणखी कोणते आहेत हो?" म्हणून विचारत राहिली. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्यांसाठी.

मी काही चित्रपटांचा जाणकार नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षं डबे, चाकं आणि ब्रेक यांच्यात काढली. नागपूर सोडून इथे खरगपूरला आलो तेव्हा बंगाली येत नव्हतं आणि संध्याकाळी वेळ जाता जात नव्हता. तेव्हापासून जुने रेल्वेपट जमवायचा नाद लागला. माझी कसोटी साधी आहे. पडद्यावर गाडी आली की मी नटनट्यांकडे नव्हे, चाकांकडे बघतो. चाकं खरी असतील तर सिनेमा पुढे बघायचा. चाकं खेळण्यातली असतील तर गोष्ट फारच चांगली असायला हवी.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करतो. १९३६ साली वाडिया मूव्हिटोनने 'मिस फ्रंटियर मेल' काढला. दिग्दर्शक होमी वाडिया आणि नायिका 'फिअरलेस नादिया', म्हणजे ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेली मेरी इव्हान्स. आदल्याच वर्षी 'हंटरवाली'ने तिला घराघरांत पोचवलं होतं. या सिनेमात ती स्टेशन मास्तरची मुलगी आहे. बापावर खुनाचा आळ येतो आणि पोरगी गुन्हेगारांच्या मागे लागते. व्यायाम करते, गडी उचलून आपटते आणि धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करते. तिची ही कामं करायला डमी नव्हता. आजकाल टपावरची मारामारी हिरव्या पडद्यासमोर उभं राहून करतात. इथे खाली खरी गाडी आहे, वारा खरा आहे आणि बाईचा पाय घसरला असता तर खालची खडीही खरीच होती. माझ्याकडच्या प्रतीत आवाज खरखरीत आहे, मधेच चित्र उड्या मारतं, गाणी मला तरी लांबलेली वाटली. तरी बघाच.

या सिनेमातल्या खलनायकाचं नाव आहे 'सिग्नल एक्स'. तोंडावर बुरखा घालून तो टोळीला हुकूम सोडतो आणि गाड्यांच्या घातपाताचे कट रचतो. कशासाठी? तर रेल्वे बदनाम व्हावी, लोकांनी गाडीत बसायला घाबरावं आणि विमान कंपनीचा धंदा चालावा म्हणून! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. मग हिशेब केला. जे. आर. डी. टाटांनी कराची-मुंबई टपाल विमान उडवलं ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. म्हणजे विमान ही तेव्हा अगदी ताजी गोष्ट होती, आणि टपाल हा तर मेल गाड्यांचा जीव. फ्रंटियर मेल १९२८ साली मुंबई-पेशावर सुरू झालेली, बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची शान. १९३४ साली तिला बर्फाच्या लाद्यांनी गार केलेला डबा जोडला गेला होता. अशा गाडीला हरवायचं तर सरळ मार्गाने जमणार नाही, असं लेखकाला वाटलं असणार. गंमत अशी की आज दिल्ली-मुंबई विमानाचं तिकीट कधी कधी आपल्या फर्स्ट एसीच्या आसपास मिळतं. सिग्नल एक्स थोडा थांबला असता तर त्याला बुरखा शिवायचीही गरज पडली नसती.

जाता जाता एक मराठी धागा. वाडिया मूव्हिटोनचा स्टुडिओ परळला होता. १९४२ साली त्याच जागेत व्ही. शांताराम यांनी राजकमल उभं केलं. नादियाने जिथे गडी आपटले, तिथे पुढे शांतारामबापूंचे सिनेमे झाले.

मला वाटलं होतं की हा 'रेल्वे पाडून दुसऱ्याचा धंदा वाढवणारा' खलनायक आपल्या लोकांच्या डोक्यातून निघाला. मग कळलं की विलायतेत तो आधीच येऊन गेला होता. तिथे १९२९ साली 'द रेकर' नावाचा मूकपट आला. त्यातला खलनायक गाड्यांमागून गाड्या पाडतो, कारण त्याला बस कंपनी चालवायची असते. ज्या नाटकावरून तो सिनेमा घेतला, त्याच्या दोन लेखकांपैकी एक होता अर्नल्ड रिडली. हे नाव लक्षात ठेवा, कारण या गृहस्थाने रेल्वेला भूतही दिलं.

रिडली हा नट. पहिल्या महायुद्धात जबर जखमी होऊन परत आलेला. एकदा ब्रिस्टलजवळ मँगॉट्सफील्ड नावाच्या जंक्शनवर त्याची पुढची गाडी चुकली आणि तासन् तास तिथेच अडकून पडावं लागलं. ओसाड फलाट, आणि थोड्या थोड्या वेळाने गाडी येतेय असा धडधडाट होई. गाडी मात्र येत नसे. आपल्यापैकी ऑपरेटिंगवाल्यांनी एव्हाना ओळखलं असेल. जंक्शन त्रिकोणी होतं. स्टेशनला न शिवता तिसऱ्या बाजूच्या रुळावरून गाड्या परस्पर जात आणि आवाज तेवढा वळणावरून फलाटावर येई. या अनुभवावरून त्याने १९२३ साली 'द घोस्ट ट्रेन' हे नाटक लिहिलं. ओसाड स्टेशनवर अडकलेले प्रवासी, स्टेशन मास्तरने सांगितलेली भुताच्या गाडीची गोष्ट, आणि भुताआड चाललेला चोरटा धंदा. नाटकात गाडी दाखवता येत नाही म्हणून रंगमंचामागे लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून बागेतला लोखंडी रोलर फिरवायचे. रुळांच्या सांध्यांवर चाक पडल्याचा आवाज हुबेहूब! आमच्या कॉलनीच्या नाटकात हा प्रयोग करून बघायला हरकत नाही, हॉर्टिकल्चरवाल्यांकडे रोलर आहेच.

या नाटकावर बरेच सिनेमे निघाले. १९३१ सालचा अर्धवटच उरला आहे. १९४१ सालचा पूर्ण मिळतो, पण त्यात आर्थर आस्की नावाच्या विनोदवीराला मोकाट सोडलं आहे. एक माणूस दीड तास सतत बडबडतो आणि भुताची गाडी यायच्या आतच आपल्याला वाटतं की यालाच ती घेऊन जावी. हा सोडा. 'द रेकर'मधलीही गोष्ट सोडा, पण त्यातला अपघात मात्र बघा. इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात बेसिंगस्टोक-आल्टन नावाची एक हलक्या दर्जाची एकेरी लाइन होती. तिथे १९२८ साली सदर्न रेल्वेचं जुनं इंजिन आणि जुने डबे घेऊन फाटकावर उभ्या केलेल्या लॉरीवर ती गाडी सोडली आणि कॅमेरे लावून तो चक्काचूर टिपला. मॉडेल नाही, काही नाही. इंजिन आडवं पडतं तेव्हा डबे एकमेकांवर कसे चढतात, हे बघताना मला घाम फुटला. आमच्या खात्यात हे दृश्य कागदावर मोजमापांत येतं. ज्याने एकदा प्रत्यक्ष बघितलं आहे, त्याला ते पडद्यावरही करमणूक वाटत नाही.

नऊ वर्षांनी त्याच लाइनवर एक विनोदी सिनेमा झाला, आणि गेल्या वर्षी हॉलमध्ये लावलेला तो हाच. 'ओ, मिस्टर पोर्टर!', साल १९३७, दिग्दर्शक मार्सेल व्हार्नेल. विल हे हा नट यात चाकांवर हातोडी ठोकून तपासणारा कर्मचारी आहे, आणि कामात इतका अडाणी की वरिष्ठांनाही नकोसा झालेला. पण बहीण रेल्वेतल्या बड्या साहेबाला दिलेली. शेवटी मेहुण्याच्या वशिल्याने त्याला बढती मिळते आणि आयर्लंडच्या सीमेवर बगल्सकेली नावाच्या आडगावी स्टेशन मास्तर म्हणून रवानगी होते. (असं आपल्याकडे होत नाही, हे मी स्मरणिकेतल्या जाहिरातदारांच्या माहितीसाठी नमूद करतो.) हाताखाली एक बोळका म्हातारा आणि एक लठ्ठ पोरगा. आधीचे स्टेशन मास्तर टिकलेले नाहीत, कारण बोगद्यात काण्या जोचं भूत आहे म्हणतात. पुढे एक सबंध स्पेशल गाडी प्रवाशांसकट गायब होते. कंट्रोलला विचारलं तर गाडी निघालीच नाही असं उत्तर! भुताआड बंदुकांची चोरटी वाहतूक, म्हणजे मूळ कल्पना रिडलीचीच, पण हसवलंय त्याच्या दसपट.

यातलं 'ग्लॅडस्टन' हे खटारा इंजिन म्हणजे केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वेचं 'नॉर्थियम' नावाचं १८९९ सालचं टँक इंजिन. सिनेमासाठी त्याला लांबलचक धुराडं लावून आणखी विद्रूप केलं होतं. चित्रीकरण झालं ते क्लिडस्डन या बंद स्टेशनावर. लाइनवरची प्रवासी वाहतूक १९३२ साली बंद झाली होती, मालवाहतूक १९३६ साली. सिनेमात जे ओसाड स्टेशन बघून आपण हसतो, ते सेट नव्हतं. ते खरोखरच ओसाड होतं. 'नॉर्थियम'ही १९४१ साली भंगारात गेलं. दोनदा गाड्यांच्या गोष्टींना कामी आलेल्या त्या लाइनला शेवटी ना भुताने मारलं, ना बस कंपनीच्या बुरखेधारी माणसाने. एक पत्रक निघालं असेल, बस.

मधल्या मधे दोन-तीन नावं उरकतो. 'टेरर बाय नाइट' (१९४६) हा शेरलॉक होम्सचा लंडन ते एडिंबरा प्रवास तासाभरात संपतो, पण बाहेरची दृश्यं इकडून तिकडून जोडलेली. एकाच प्रवासात इंजिनाचं रूप बदलत राहतं. आमच्यासारख्याला चोर शोधण्यापेक्षा इंजिन ओळखण्यातच जास्त मजा. सोडलात तरी चालेल. 'द नॅरो मार्जिन' (१९५२) मात्र चुकवू नका. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या गाडीत एक पोलीस एका साक्षीदार बाईला सुखरूप पोचवतोय आणि मारेकरीही त्याच गाडीत आहेत. सगळं चित्रीकरण १३ दिवसांत उरकलं. डब्याचा सेट जागेवर पक्का होता, हलत होता तो हातातला कॅमेरा. म्हणजे माझ्या कसोटीत नापास, तरी मी पास केला! पार्श्वसंगीताऐवजी गाडीचाच आवाज वापरला आहे, आणि अरुंद कॉरिडॉरमध्ये एका जाड्या माणसाला वाट देताना जी पंचाईत होते ती आपल्या सर्वांच्या परिचयाची.

'नॉर्थ वेस्ट फ्रंटियर' (१९५९) आपल्या देशातला म्हणून उत्साहाने लावाल तर सांभाळून. १९०५ सालच्या सरहद्दीवरून एका राजपुत्राला जुन्या इंजिनाने पळवून नेतात. साहेब शूर, बाकीचे एक तर हल्लेखोर नाही तर सेवक, असा एकूण थाट. पण इंजिन चालवणारा गुप्ता म्हणजे आपले आय. एस. जोहर, आणि सिनेमात खरं काम करताना दिसतो तो तोच. रेल्वेची बरीच दृश्यं स्पेनमध्ये घेतली आहेत. तिथला गेज आज १६६८ मिलिमीटर, आपला १६७६. आठ मिलिमीटरचा फरक पडद्यावर कुणाच्या बापाला कळणार!

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो सिनेमा. 'द ट्रेन', १९६४, दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर, नायक बर्ट लँकेस्टर. ऑगस्ट १९४४, पॅरिस सुटायच्या बेतात आहे आणि एक जर्मन कर्नल फ्रान्समधली मौल्यवान चित्रं गाडीत भरून जर्मनीला न्यायला निघालाय. रेल्वेवाल्यांनी ती गाडी अडवायची आहे, पण उडवायची नाही. हा सिनेमा मी बाबांबरोबर पाहिला. बाबा नागपूरला मोतीबाग वर्कशॉपमध्ये फिटर होते. नॅरो गेजवर आयुष्य काढलेला माणूस. इंग्रजी त्यांना येत नाही. मी आपला मधे मधे सांगत होतो.

एक म्हातारा ड्रायव्हर आहे, पापा बूल. तो हॉटेलातून फ्रँकची नाणी मोडून घेतो आणि इंजिनाच्या तेलाच्या वाटेत हळूच सारतो. मी काही बोलायच्या आत बाबा खुर्चीत पुढे सरकले. "तेल बंद केलं लेका त्यानं. आता बेरिंग जाते पाय." आणि गेलंच. पकडल्यावर जर्मन त्याला भिंतीशी उभं करून गोळी घालतात. मग ते इंजिन पुन्हा चालू करण्यासाठी लँकेस्टरला जुंपतात आणि तो साच्यात व्हाइट मेटल ओततो, बेअरिंग घडवतो. मधे कट नाही, हात त्याचेच. बाबा एवढंच म्हणाले, "याला कोणीतरी शिकवलंय नीट." त्यांच्या तोंडून ही मोठीच तारीफ. आमच्या घरात माझ्या कामाला ती अजून मिळालेली नाही.

पुढे स्टेशनांच्या पाट्या बदलून जर्मनांना वाटतं आपण जर्मनीकडे चाललोय, आणि गाडी गोल फिरून परत पॅरिसकडे! यातल्या टकरी खऱ्या इंजिनांच्या आहेत. एका टकरीत इंजिन ठरल्यापेक्षा जोरात आलं आणि रुळालगत ठेवलेले कॅमेरेच चिरडले गेले. यार्डावरचा बाँबहल्लाही खऱ्याच यार्डात स्फोट करून घेतलाय. फ्रेंच रेल्वेला ते यार्ड तसंही मोडायचं होतं.

सिनेमा संपला तेव्हा पडद्यावर रुळांच्या एका बाजूला चित्रांच्या पेट्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला मेलेली माणसं. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या बुढ्यानं तर फोटोसाठी जीव देला. पेटीत काय होतं, त्याला माहीत तरी होतं काय?" मी म्हटलं, त्याला माहीत असावं. ते म्हणाले, "मले नाही वाटत. त्याचं इंजिन दुसऱ्याच्या कामाला जात होतं, ते त्याला खपलं नाही."

मी मग खरी हकीकत शोधली. अशी गाडी खरोखर होती. आधुनिक चित्रांच्या १४८ पेट्या तिच्यात होत्या आणि त्यांची नोंद रोझ व्हॅलाँ नावाच्या संग्रहालयातल्या बाईने गुपचूप ठेवली होती. पण ती गाडी काही गोल फिरली नाही, कुणी भिंतीशी उभं राहिलं नाही. ती पॅरिसबाहेर ओल्ने स्टेशनापर्यंत जेमतेम पोचली आणि तिथेच रखडली. वजन जास्त, इंजिनात बिघाड, लाइन मोकळी नाही. ऑगस्ट अखेरीस फ्रेंच सैन्याने येऊन ती ताब्यात घेतली. त्या तुकडीच्या अधिकाऱ्याचे वडील चित्रांचे व्यापारी होते आणि पेट्यांत त्यांच्याच घरची काही चित्रं निघाली! गाडी थांबवायला नेहमीच बाँब लागत नाही, हे या सभागृहात कंट्रोलमधून आलेल्या मंडळींना सांगायला नको. बाबांना हे सांगितलं तर ते खूष झाले. म्हणाले, "म्हणजे सगळे वाचले."

त्यानंतरच्या रविवारी 'द टिटफील्ड थंडरबोल्ट' (१९५३) लावला. ईलिंग स्टुडिओचा हा पहिला रंगीत विनोदी सिनेमा. आडगावची शाखा लाइन बंद होणार म्हणून गावातला पाद्री, जमीनदार वगैरे मंडळी ती स्वतः चालवायला घेतात. पैसा देतो एक बेवडा शेठ, कारण गाडीतला बार सकाळी लवकर उघडता येतो. आणि घातपात करणारा कोण? पुन्हा तोच, बसवाला! टाकीचं पाणी सोडून देतात तेव्हा प्रवासी उतरून जवळच्या शेतातून बादल्या, भांडी, मिळेल त्यात पाणी आणून इंजिनात भरतात. शेवटी संग्रहालयातून एक पुराणं इंजिन काढून आणतात. ते इंजिन खरंच १८३८ सालचं, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं 'लायन'. सिनेमात ते स्वतःच्या वाफेवर चालतं. चाकांच्या कसोटीवर याच्यापुढे कुणी नाही.

बाबा बादल्यांच्या प्रसंगाला मनसोक्त हसले. मग त्यांनी विचारलं, "ही लाइन आता चालते काय?" मी सांगितलं, नाही. सिनेमात लाइन वाचते, पण जिथे चित्रीकरण झालं ती बाथजवळची लाइन आधीच बंद झालेली होती आणि नंतर रूळही उचलले. 'लायन' पुन्हा संग्रहालयात गेलं.

आमची नागपूर-छिंदवाडा नॅरो गेज २०१५ साली बंद झाली आणि नागभीडची २०१९ साली. दोन्ही ब्रॉडगेजसाठी, आणि ब्रॉडगेज हवंच होतं. मी खात्याचा माणूस आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नागभीडची गाडी बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात बाबांनी तिकडे यायला बोलावलं होतं. मला रजा मिळण्यासारखी होती. मी मागितली नाही. एवढं काय त्या गाडीत, असं वाटलं. बाबा एकटेच गेले, उमरेडपर्यंत तिकीट काढून बसून आले. त्या प्रवासाबद्दल ते मला काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

त्या रविवारी सिनेमा संपल्यावर मी उठून दिवा लावला. बाबा म्हणाले, "राहू दे. ते बादल्यावालं पुन्हा लाव." मी दिवा घालवला आणि पुन्हा लावलं. मग त्या बादल्या चालू असताना ते उमरेडच्या गाडीबद्दल सांगायला लागले, कोण कोण भेटलं, कोणता डबा होता, कुठे हॉर्न जास्त वाजवला. पडद्याकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

यंदा 'टिटफील्ड' हॉलमध्ये लावू या असं मी मंडळाला सुचवलंय. बाबाही येणार आहेत. मोदक मध्यंतरात द्यावेत, आधी नव्हे, एवढीच विनंती.